सदतिसावी रात्र

आमच्या घरात ‘श्यामची आई’ आईनं नाही, अण्णांनी वाचून दाखवलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, धाकटा भाऊ सहाचा. रात्रीची जेवणं उरकून आई ओटा धुवायला लागली की अण्णा आतल्या खोलीतल्या खाटेवर भिंतीला टेकून बसायचे, सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसायचे आणि खुणेसाठी ठेवलेलं एसटीचं तिकीट पुस्तकातून काढून वरच्या खिशात ठेवायचे. वाचून झालं की तेच तिकीट पुढच्या पानात. या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. अण्णा रोज एकच वाचायचे. भावानं ‘अजून एक’ म्हणून हट्ट धरला की म्हणायचे, ‘श्यामनं एका रात्री एकच सांगितली, मग आपण दोन कशा ऐकायच्या?’

मी रात्री मोजत होते. वहीच्या मागच्या पानावर रोज एक उभी रेघ, पाचवी आडवी. छत्तिसावी झाली आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी ‘रात्र अडतिसावी’ म्हणून सुरुवात केली. मी म्हटलं, अण्णा, एक राहिली. त्यांनी पुस्तक जरासं स्वतःकडे वळवलं. ‘ती पानं बांधणीत सुटलीत,’ म्हणाले आणि पुढे वाचायला लागले. मी वहीत एका रेघेची जागा मोकळी सोडली.

हे आत्ता लिहायला बसले, कारण गेल्या महिन्यात आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ चित्रपट पुन्हा पाहिला, आणि पुस्तकही चालू आहे. या वेळी वाचणारी मी आणि ऐकणारे अण्णा. त्यांना ८१ वं चालू आहे. टीव्ही अंधूक दिसतो, छापील अक्षर मात्र आता दिसत नाही.

चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो शेजारच्या काकूंकडच्या टीव्हीवर. सतरंजीवर आम्ही पंधरा-वीस जण दाटीवाटीनं बसलो होतो. शेवटाकडे सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून होत्या, आणि मला रडू येत नव्हतं. मी गोंधळले होते. पडद्यावर सदरा घातलेला एक चुणचुणीत मुलगा होता, माझ्याएवढाच, फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा. सगळे त्याला श्याम म्हणत होते, पण माझा श्याम तो नव्हता. माझ्या कानातला श्याम चाळिशीचा होता. त्याचा आवाज अण्णांचा होता, जरा घोगरा, मध्येच थांबणारा.

पुढे किती तरी वर्षं मी हे माझ्या बालबुद्धीचं समजत होते. आता पुस्तक परत वाचताना वाटतं, तेव्हाच मला नीट कळलं होतं. पुस्तकातला श्याम खरोखरच मोठा माणूस आहे. आश्रमात रात्रीची प्रार्थना झाली की तो मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, गावातलेही कुणी कुणी येऊन बसतात. सांगता सांगता त्याचा गळा दाटतो आणि त्या रात्रीपुरती गोष्ट तिथंच थांबते. विहिरीजवळ थरथरणारा, खोटं बोलणारा, रुसणारा पोरगा आपल्याला दिसतो तो या मोठ्या माणसाच्या डोळ्यांतून. साने गुरुजींनी यातला बहुतेक मजकूर फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढला. १९३५ साली पुस्तक आलं. लिहिताना गुरुजी तेहतीस वर्षांचे होते आणि आईला जाऊन पंधरा वर्षं उलटली होती. ही पंधरा वर्षं पुस्तकाच्या प्रत्येक वाक्यात मुरलेली आहेत.

पायांचा प्रसंग घ्या, सगळ्यांना पाठ असलेला. अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला धोंडीवर लुगड्याचे ओचे पसरायला लावतो. आई पसरते आणि म्हणते, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप. आपण हा प्रसंग संस्कार म्हणून सांगतो, भाषणांत वापरतो. मला मात्र दरवेळी आधी ते ओचे दिसतात. स्वतःच्या पायांसाठी आईला नेसत्या लुगड्याचे ओचे पसरायला लावणारं पोर किती लाडावलेलं असेल! आणि मोठ्या श्यामला ते माहीत आहे. तो हे सांगतो तेव्हा आईचा मोठेपणा सांगतोच, पण त्याबरोबर स्वतःची कबुलीही देतो.

ही कबुली पडद्यावर येत नाही. यात मी श्याम झालेल्या माधव वझ्यांना उणं लेखत नाही. त्या मुलानं काम इतकं सहज केलंय की सत्तर वर्षं होऊन गेली तरी मराठी माणसाला श्याम म्हटलं की तोच चेहरा आठवतो. चिडला की त्याचे ओठ कसे दुमडतात ते पाहा. पण तो श्याम चालू क्षणात जगतो. मार बसला की रडतो, कुशीत घेतलं की निवतो. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नाही आणि ते बरोबरच आहे, कारण तो मुलगा आहे. पुस्तकातल्या श्यामला शेवट ठाऊक असतो. मुकी फुलं उमलायच्या आधी तोडू नयेत, इतकी छोटी गोष्ट सांगतानाही तो आई नसलेला माणूस असतो.

चोरीच्या रात्रीत तर हे फारच जाणवतं. श्याम पाहुण्यांचे पैसे चोरतो, आणि कशासाठी, तर पुस्तक घेण्यासाठी, वाचून मोठा होण्यासाठी. त्या रात्रीचं नावच ‘मोठा होण्यासाठी चोरी’ आहे. मुलाच्या तोंडी हे कारण ऐकलं तर ते गोड वाटतं. मोठ्या माणसाच्या तोंडी ऐकताना अंगावर काटा येतो, कारण तो खरंच मोठा झालाय, पुस्तकंच लिहितोय, आणि अजून त्या पैशांबद्दल सांगतोय.

मोळीची गोष्टही अशीच. म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते, शिवायचं कसं म्हणून कुणी हात लावत नाही. श्याम आईला येऊन सांगतो. आई म्हणते, जा, तिला मोळी उचलून दे आणि मग अंघोळ कर. लहानपणी मला यातलं फक्त ‘उचलून दे’ ऐकू आलं होतं. ‘मग अंघोळ कर’ हे या वाचनात ऐकू आलं. आई तिच्या काळात जिथवर जाऊ शकत होती तिथवर गेली. अंघोळीचं ते वाक्य गुरुजींनी गाळलं नाही, आईला सोयीची करून घेतली नाही, याचं मला फार मोल वाटतं. त्याच मुलानं पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. अंघोळीच्या त्या वाक्यापासून पंढरपूरपर्यंत जो वाढला तो श्याम चित्रपटात मावत नाही. तो गोष्ट सांगणाऱ्यात आहे.

आता आई. इथं मी जरा स्पष्ट बोलते. चित्रपटात वनमालाबाईंनी केलेली आई मला आवडते, पण ती मला पुस्तकातली वाटत नाही. त्या १९४१ च्या ‘सिकंदर’मधल्या नायिका. मान ताठ, नजर थेट, चालण्यात एक तोल. त्या पडद्यावर आल्या की घरात कुणी तरी भक्कम माणूस आहे असं वाटतं. पुस्तकातली आई भक्कम नाही. पहिल्याच रात्री ती तापातून उठलेली आहे. वटसावित्रीच्या प्रदक्षिणा घालायला अंगात त्राण नाही म्हणून ती श्यामला पाठवते, आणि त्याला लाज वाटते. तिथून शेवटच्या दुखण्यापर्यंत ती सतत दमलेली आहे. या घरातून त्या घरात, मोठ्या कुटुंबातून झोपडीवजा घरात, देण्यातून आणखी देण्यात. तिच्या शहाणपणाला ताकद कुठून येत होती हे पुस्तकात कोडं राहतं. वनमालाबाईंकडे पाहिलं की ते कोडं पडतच नाही, ती ताकद चेहऱ्यावरच असते.

तरी पोहण्याच्या प्रसंगात मी त्यांना पूर्ण शरण जाते. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, आई शिंपटी घेऊन त्याला बाहेर काढते आणि फोडून काढते. पुस्तकात वाचताना वळ श्यामच्या पायांवर दिसतात. चित्रपटात मला वळ आठवत नाहीत, मारणारीचा चेहरा आठवतो. पोराला लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून मारणारी आणि मारताना स्वतःच आतून सोलून निघणारी बाई. मलाही एक मुलगा आहे. तो सातवीत असताना मी एकदा त्याच्यावर हात उचलला होता. तो झोपल्यावर त्याच्या दंडावरची माझी बोटं मी मोबाइलच्या उजेडात पाहत बसले होते. त्यानंतर कधीही हा प्रसंग लागला की मी श्यामकडे पाहत नाही.

आमच्या आईला पुस्तकापेक्षा चित्रपट जवळचा होता. तिच्या लेखी तो चित्रपट म्हणजे ‘भरजरी गं पितांबर दिला फाडून’. आशाबाईंचा आवाज, वसंत देसाईंची चाल, शब्द अत्र्यांचे. भाकऱ्या थापताना ती पहिलं कडवं म्हणायची, दुसरं तिला येत नव्हतं. तिला कुणी विचारलं असतं तर तिनं चित्रपटालाच पहिला नंबर दिला असता, जसा तो राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाच्या वेळी १९५४ साली मिळाला. गुरुजी मात्र तो पाहायला नव्हते. ते १९५० च्या जूनमध्येच गेले.

आणि वडील. खरं तर मला त्यांच्याविषयीच लिहायचं होतं. मुलं त्यांना भाऊ म्हणतात.

चित्रपटातले भाऊ डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला तर मला चेहरा आठवत नाही. परत पाहिल्यावरही चार दिवसांत पुसट झाला. याचा दोष नटाला देत नाही. गोष्टीचं नावच आईचं आहे, आणि दोन-अडीच तासांत जे ठळक ते राहतं. भाऊ ठळक नाहीत. ते घर उभं करू शकले नाहीत, देणी वाढत गेली, भाऊबंदांपुढे मान खाली गेली. पडद्यावर अशा माणसाचं काय करणार?

पुस्तकात मात्र ते पुन्हा पुन्हा येतात, हळूच. अळणी भाजीची रात्र पाहा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. भाऊ जेवायला बसतात, मिठाबद्दल एक अक्षर न बोलता भाजी खातात. ते बोलले नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. सगळ्यांची पानं उठल्यावर आई जेवायला बसते, पहिल्या घासाला तिला कळतं आणि ती हळहळते. या सगळ्यात भाऊंनी केलं काय? काहीच नाही. गप्प बसले. ज्या बाईनं सकाळपासून चुलीपुढे राबून केलं तिला घासाघासाला टोचायचं नाही, एवढंच. हे गप्प बसणं कागदावर लिहिता येतं, कारण ते सांगणारा श्याम जवळ बसलेला असतो. कॅमेऱ्याला जेवणारा माणूस दिसतो.

दिवाळीच्या रात्रीत आई स्वतःच्या ओवाळणीच्या पैशातून भाऊंसाठी नवं धोतर आणते, कारण त्यांचं जुनं ठिगळांचं झालेलं असतं. आणि सत्ताविसाव्या रात्री भाऊ खरवस घेऊन पालगडहून दापोलीला चालत जातात. श्याम तिथं शिकायला असतो. घरी खरवस केला, पोराला तो आवडतो, तर ते स्वतःच निघाले. पोहोचवला आणि परत फिरले. त्या रात्रीला गुरुजींनी नाव दिलंय ‘उदार पितृहृदय’. घर राखू न शकलेल्या बापाला मुलानं दिलेला हा शब्द आहे, उदार. पैशाच्या बाबतीत ज्याच्याकडे काहीच उरलं नाही त्याला.

(२०२३ मध्ये सुजय डहाके यांनी हीच कथा पुन्हा कृष्णधवल रंगात पडद्यावर आणली. तिथं ओम भूतकर मोठेपणीचे गुरुजी झाले आहेत, म्हणजे सांगणारा माणूस पडद्यावर आला, आणि मला बरं वाटलं. पण त्यावर इथं लिहीत नाही, तो मी एकदाच पाहिलाय.)

आता राहिलेल्या रेघेचं सांगते. एकोणिसाव्या वर्षी मी वसतिगृहात राहत होते. तिथल्या ग्रंथालयात ‘श्यामची आई’ची एक प्रत सापडली आणि मी उभ्या उभ्या सदतिसावी रात्र काढली. ‘अब्रूचे धिंडवडे’. देणं फिटलं नाही म्हणून गावात दवंडी पिटली जाते, घराच्या लिलावाची. ढोल वाजत घरावरून जातो आणि आई आत असते. मी दोन कपाटांच्या मधल्या बोळात खाली बसले. मग मागे जाऊन बत्तिसावी काढली, ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. ती अण्णांनी वाचली होती, पण मला आठवत होती त्याहून ती बरीच मोठी निघाली. वसुलीला आलेला माणूस वेडंवाकडं बोलतो आणि आई पुढे होऊन त्याला ओटीवरून चालतं व्हायला सांगते. हे मी कधीच ऐकलेलं नव्हतं.

आम्ही नऊ आणि सहा वर्षांचे होतो त्या वर्षी अण्णा कचेरीतल्या एका सहकाऱ्याला जामीन राहिले होते. त्यानं हप्ते थकवले आणि बदली करून घेतली. पतपेढीचा माणूस दर महिन्याला आमच्याकडे यायचा. खाकी पिशवी, पायांत चामडी वहाणा. त्या तो दारात न काढता थेट आत यायचा. तो खुर्चीत बसायचा, अण्णा खाटेवर. आई चहा आणून ठेवायची आणि आत जाऊन पोळपाटाशी बसायची, पिठाचा गोळा नुसता मळत. तो मोठ्यानं बोलायचा, शेजारी ऐकू जाईल इतक्या. अण्णा हळू आवाजात ‘हो’, ‘बरं’, ‘पंधरा तारखेला’ असं काही तरी म्हणायचे. आमची आई श्यामच्या आईसारखी बाहेर आली नाही. तिचा तो स्वभाव नव्हता. आणि अण्णा रात्री पुस्तक वाचताना जे दोन प्रसंग सहन होईनात ते आमच्यापासून नाही, स्वतःपासून झाकत होते. किंवा आतल्या ओट्यावर भांडी विसळत ऐकणाऱ्या आईपासून. खोलीला दार नव्हतं, पडदा होता.

सुट्टीत घरी आल्यावर मी त्यांना याबद्दल काही विचारलं नाही. घरातली प्रत काढून पाहिली. सगळी पानं जागेवर होती, एकही सुटलेलं नव्हतं. सदतिसाव्या रात्रीच्या पानांत एसटीचं तिकीट होतं, पार पिवळं पडलेलं. म्हणजे आम्ही झोपल्यावर त्यांनी ती वाचली होती.

तेव्हापासून कुणी म्हटलं की ‘श्यामची आई’ हे आईचं पुस्तक आहे, तर मी ‘हो’ म्हणते आणि मनात भाऊंचं नाव घेते. अत्र्यांनी आई उभी केली ती अशी की तीन पिढ्या रडल्या, आणि ते त्यांचं मोठं काम आहे. पण गप्प बसणारा, चालत जाणारा, हरलेला बाप उभा करायला मोठा झालेला मुलगाच लागतो. तो गोष्टीतून काढला की बाप आपोआप मागे सरकतो. चित्रपटात नेमकं हेच झालं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आई दिसते. बाप दिसायला आणखी काही वर्षं जावी लागतात. निदान मला लागली.

अण्णांना गेल्या महिन्यात चित्रपट लावून दिला तेव्हा त्यांनी खुर्ची अगदी टीव्हीजवळ ओढून घेतली. ‘छडी लागे छम छम’ला पायानं ठेका धरला. शेवटी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून बसले. मग म्हणाले, ‘पुस्तक वाचतेस का?’

रोज एक रात्र, त्यांचाच नियम. परवा छत्तिसावी झाली. काल मी पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि ‘रात्र सदतिसावी’ म्हणून थांबले. त्यांनी काही म्हटलं नाही. खाटेच्या कडेवर त्यांचा हात होता, तो तसाच राहिला. मी वाचत गेले. दवंडीचा भाग आला तेव्हा माझा आवाज अडकला, मी पाणी प्यायले, पुन्हा वाचलं. शेवटापर्यंत वाचलं.

बराच वेळ पंख्याचा आवाज येत होता.

‘अण्णा, झोपलात?’

‘नाही. सत्ताविसावी परत वाच,’ म्हणाले. ‘खरवसाची.’

एका रात्री एकच, हे मी त्यांना सांगितलं नाही. पानं मागे उलटली आणि वाचायला लागले.